संमेलनाची शिल्लक आणि वाचनालयाचा दिवा

गेल्या महिन्यांत आमच्या गांवीं जिल्ह्याचें साहित्य संमेलन मोठ्या थाटानें पार पडलें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तीन दिवस मार्केट यार्डासमोरील मैदानावर मंडप उभा होता, ग्रंथदिंडी निघाली, पालखीवर फुलें पडलीं, बाहेरगांवच्या ग्रंथकारांचे सत्कार झाले, आणि भोजनाची व्यवस्था तर अशी कीं पाहुणे अजून तिची आठवण काढतात. या सर्व खटाटोपांत आमचाहि हात होता. व्यापारी बंधूंस उद्देशून देणगीची जी विनंती प्रसिद्ध झाली ती आमच्याच लेखणींतून उतरली होती, आणि स्वागतसमितीच्या यादींत आमचें नांव आहे. तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें मंडपाबाहेर उभें राहून दगड मारणाऱ्याचें लिहिणें नव्हे. ज्यानें मंडपाच्या दोऱ्या ओढल्या त्याचेंच तें आहे.

हिशेब तपासून झाले असून खर्च वजा जातां समितीच्या हातीं कांहीं लाखांची शिल्लक राहिली आहे. तिचें काय करावें हें ठरविण्यासाठीं येत्या रविवारीं सभा भरावयाची आहे. समितींतील बहुमत, आम्हांस कळतें त्याप्रमाणें, गांवाच्या वेशीवर संमेलनाची स्मारक-कमान उभारावी या बाजूचें आहे. कमानीवर स्वागतसमितीच्या सभासदांचीं नांवें कोरावयाचीं आहेत; त्यांत आमचेंहि येईल. आमचा या सूचनेस विरोध आहे. तो कां, हें सांगण्यासाठीं संमेलनांतले दोन प्रसंग वाचकांपुढें मांडणें आम्हांस भाग आहे. त्यांतला पहिला आम्हांसच कमीपणा आणणारा आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका कादंबरीकारांचा परिचय करून देण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांची नवी कादंबरी आमच्या टेबलावर पंधरा दिवस पडून होती. कोर्टाचीं कामें, पत्राची छपाई, मंडपाचा ठेकेदार, या सर्वांत ती तशीच राहिली. पहिलीं तीस पानें आणि मलपृष्ठावरील मजकूर एवढ्या भांडवलावर आम्हीं दहा मिनिटें भाषण ठोकलें. टाळ्या पडल्या. खालीं बसल्यावर ग्रंथकारांनीं हळूच विचारलें, “वकीलसाहेब, शेवट पटला का तुम्हांला?” आम्ही म्हणालों, “उत्तम आहे.” ते हंसले आणि त्यांनीं पाण्याचा पेला उचलला. शेवटीं काय घडतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं हें त्यांस कळून चुकलें होतें. त्या रात्रीं पुस्तक संपवूनच आम्ही निजलों. शेवट आम्हांस मुळींच पटला नाहीं. परंतु तें सांगावयास सकाळीं ग्रंथकार गांवांत नव्हते.

कोर्टांत कागद न वाचतां उभ्या राहणाऱ्या वकिलाची जी फजिती होते ती संमेलनाच्या व्यासपीठावर होत नाहीं, हाच काय तो फरक. उलट तेथें हार मिळतो.

दुसरा प्रसंग ग्रंथविक्रीच्या गाळ्यांतला. संमेलनाच्या तिन्ही दिवशीं रात्रीं आठनंतर एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा एका गाळ्यापाशीं येऊन उभा राही. अंगावर गुळाच्या ढेपांचे डाग, पायांत स्लिपर. तो कोणत्याहि पुस्तकाकडे पाहत नसे; सरळ अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ उचली, खूण केलेलें पान काढी, आणि दहा वाजतां गाळा बंद होईपर्यंत उभ्या उभ्या वाची. विक्रेता भला गृहस्थ; त्यानें एकदांहि हटकलें नाहीं. खुणेसाठीं आपलाच एक छापील कागद त्यानें त्याला दिला होता. शेवटच्या रात्रीं खोकीं भरावयास सुरुवात झाली तेव्हां चाळीसएक पानें उरलीं होतीं. आम्ही तेथेंच होतों. आम्हीं खिशांत हात घातला व पुस्तक विकत घेऊन देतों असें म्हटलें. तो म्हणाला, “नको साहेब. खोलीवर आम्ही सहाजण, दहाला दिवा बंद करतात. पुस्तकाचं नाय, बसायला कुठं मिळल तेवढं सांगा.”

आम्हीं अर्थातच वाचनालयाचें नांव सांगितलें. त्यावर तो म्हणाला, “तें सहाला बंद होतंय. आमची अडत आठाला.”

ही गोष्ट खरी आहे, आणि ती आम्हांस ठाऊक नसावी याची शरम आम्हांस त्याच्यापुढें वाटली. आमच्या वाचनालयाची सायंकाळची वेळ जवळ जवळ दोन वर्षांपासून बंद आहे. शिपायाची जागा रिकामी, ग्रंथपाल एकच, त्यांचा पगार अनुदान येईल तेव्हां. ज्या गांवांत सकाळीं नऊ ते रात्रीं आठ दुकानें उघडीं असतात त्या गांवांत वाचनालय सहा वाजतां कुलूप लावतें; म्हणजे तें पेन्शनरांसाठीं व शाळकरी मुलांसाठीं उघडें आहे आणि कमावत्या माणसासाठीं बंद आहे. हेंच वाचनालय आमच्या मंडपापासून हांकेच्या अंतरावर आहे. तिन्ही रात्रीं मंडपांत हजार दिवे जळत होते, आणि वाचनालयाच्या ओसरीवर मंडपवाल्याच्या सतरंज्या ठेवल्या होत्या.

आतां कोणी म्हणेल कीं संमेलन ही एक वस्तु व वाचनालय ही दुसरी. दोहोंची गल्लत कां करतां? याचें उत्तर संमेलनाच्याच इतिहासांत आहे. १८४८ सालीं पुण्यास जें वाचनालय निघालें, जें आज पुणें नगर वाचन मंदिर म्हणून चालू आहे, त्याच्या उभारणींत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा हात होता. याच लोकहितवादींनीं पुढें तीस वर्षांनीं, महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर, ज्ञानप्रकाशांतून जाहीर विनंती करून मराठी ग्रंथकारांस एकत्र बोलाविलें. आणि ११ मे १८७८ रोजीं पुण्याच्या हिराबागेंत पहिली ग्रंथकारांची सभा भरली. दोघेहि न्यायखात्यांतले. ग्रंथांचा प्रसार कसा वाढेल, लिहिणाऱ्यांस उत्तेजन कसें मिळेल, हा त्यांच्यापुढला प्रश्न होता. ज्या हातांनीं वाचनालय काढलें त्याच हातांनीं संमेलन काढलें, हा योगायोग आहे असें आम्ही मानीत नाहीं. आधीं वाचणाऱ्याची सोय, मग लिहिणाऱ्यांची भेट, असा तो क्रम होता. आमच्या गांवीं आम्हीं तो उलटा केला.

दुसरी सभा १८८५ च्या मे महिन्यांत पुण्यासच भरली. तिचें निमंत्रण जोतीराव फुले यांसहि गेलें होतें. त्यांनीं तें नाकारलें, आणि त्यांचें उत्तर ज्ञानोदयाच्या ११ जून १८८५ च्या अंकांत छापून आलें. त्या पत्राचा आशय असा कीं ज्या मंडळींस सर्व माणसांचे हक्क मोकळ्या मनानें मान्य नाहींत त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाहीं. शूद्रादि अतिशूद्रांनीं आपला विचार आपणच करावा. भाषा तिखट आहे. पुष्कळ वर्षें संमेलनाच्या गौरवपर इतिहासांत हें पत्र कोपऱ्यांत सारलें जात असे. अलीकडे त्याचा उल्लेख सर्रास होतो, पण उल्लेख करणें आणि उत्तर देणें यांत अंतर आहे.

तें पत्र कशांतून आलें हेंहि पाहावें. १८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें, तें कमिटीनें नाकारलें. तें छापून लोकांपुढें यावयास १९७९ साल उजाडलें. १८८३ सालीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें ‘दीनबंधू’ पत्रांत आलीं, आणि पुढचीं छापण्याचें त्यांच्या चळवळींतल्याच त्या पत्रानें थांबविलें. आम्ही संपादकवर्गांतले असल्यामुळें ही शेवटची गोष्ट वाचतांना आमची मान खालीं जाते. ग्रंथ निर्माण होणें ही एक गोष्ट, आणि तो ज्याच्यासाठीं लिहिला त्याच्या हातीं पडणें ही दुसरी. शेतकऱ्यासाठीं लिहिलेलें पुस्तक शेतकऱ्यापर्यंत पोंचविण्यास त्या वेळीं ना कमिटी होती, ना सभा, ना वाचनालय.

पुढें संमेलनांचा ओघ वीस वर्षें थांबला. १९०५ सालीं साताऱ्यास तो पुन्हां सुरू झाला, १९०६ सालीं पुण्यास महाराष्ट्र साहित्य परिषद निघाली, आणि नंतर बडोदें, अकोला, मुंबई, ग्वाल्हेर असें करीत २०२५ च्या फेब्रुवारींत अठ्ठ्याण्णवावें संमेलन दिल्लीस तालकटोरा स्टेडियममध्यें भरलें. त्याच्या अध्यक्षा लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर होत्या. पहिली स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे १९६१ सालीं ग्वाल्हेरीस झाल्या, ताराबाई सहाव्या. ज्या बायांस अक्षर ठाऊक नव्हतें त्यांच्या ओव्यांचा अभ्यास करण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस हा मान मिळाला याचा आम्हांस आनंद आहे. त्याच्या आधींच्या वर्षीं, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचें ठरविलें, तेव्हां आमच्या गांवींहि पेढे वांटले गेले. वाचनालय त्या दिवशींहि सहा वाजतांच बंद झालें असावें.

संमेलनें निरर्थक आहेत असें आमचें म्हणणें नाहीं, आणि तसें कोणी आमच्या तोंडीं घालूं नये. १९७५ सालीं आणीबाणी चालू असतां कऱ्हाडास दुर्गा भागवत यांनीं अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, आणि स्थानबद्धतेनंतर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठीं प्रार्थना करण्यास सभेला उभें केलें. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे त्या वेळीं केंद्र सरकारांत मंत्री होते. तो मंडप नसता तर तें वाक्य हजारों कानांपर्यंत एकदम गेलें नसतें. पुढल्या वर्षीं दुर्गाबाईंस अटक झाली ती कोठें? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत, जेथें त्या नित्य वाचीत बसत. ज्या धैर्याचें कऱ्हाडास दर्शन झालें त्याची शिदोरी त्या टेबलावर वर्षानुवर्षें बांधली गेली होती. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. २०१९ सालीं यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनास नयनतारा सहगल यांस बोलाविलें आणि मग तें निमंत्रण मागें घेतलें. अखेर आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्तें उद्घाटन झालें, अध्यक्षा अरुणा ढेरे यांनीं झाल्या प्रकाराविषयीं व्यासपीठावरूनच स्पष्ट नापसंती दाखविली, आणि सहगलबाईंचें न झालेलें भाषण झालेल्या भाषणांपेक्षां अधिक वाचलें गेलें. मंडप घाबरतो तेव्हां छापील कागद उपयोगी पडतो.

या सर्वांत आम्हांस सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मात्र मंडपांतली नाहीं. १९७४ च्या अखेरीस मुंबईस ‘ग्रंथाली’ ही वाचकांची चळवळ सुरू झाली. वाचकानें सभासद व्हावें, त्याच्या भरंवशावर पुस्तक निघावें, आणि तें त्यास स्वस्तांत मिळावें, असा तो साधा व्यवहार. आमच्या व्यापारी वाचकांस तो लगेच उमगेल, कारण मालास गिऱ्हाईक आधीं ठरलें असतां भाव उतरतो हें त्यांस आम्हीं शिकवावयास नको. या ग्रंथालीनें १९७८ सालीं, म्हणजे हिराबागेच्या सभेनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, दया पवार यांचें ‘बलुतं’ प्रसिद्ध केलें. तें पुस्तक वाचून महाराष्ट्रांतल्या पांढरपेशा घरांची झोंप उडाली होती. जोतीरावांच्या पत्रास खरें उत्तर देण्याचा आरंभ कोठें झाला असेल तर तो अशा ठिकाणीं, वाचकांच्या वर्गणीनें उभ्या राहिलेल्या पुस्तकांत झाला, असें आमचें मत आहे.

‘दुकानच्या नोकरानें वाचून काय करावयाचें आहे?’ असा प्रश्न आमच्या एका व्यापारी स्नेह्यांनीं केला. रागानें नव्हे, सहजच. त्यांस आम्हीं इतकेंच सांगितलें कीं तो मुलगा जें पुस्तक वाचीत होता त्याचा कर्ता वाटेगांवाहून मुंबईस गेला, त्यानें हमाली केली, गिरणींत काम केलें, आणि शाळेचें तोंड त्यानें पाहिलें न पाहिलें असेंच होतें. १९५८ सालीं मुंबईस भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचें उद्घाटन त्यानें केलें, आणि १९५९ सालीं ‘फकिरा’ आली. दुसऱ्या एकानें मोबाइलचें नांव काढलें. मोबाइल त्या मुलाकडेहि होता. खिशांत तो वाजत असतां त्यानें दोनदां बंद केलेला आम्हीं पाहिला. त्याला पाहिजे होतें तें बसावयास एक बांक, डोक्यावर एक दिवा, आणि कोणी ऊठ म्हणणार नाहीं अशी दोन तासांची हमी.

आतां कायद्याकडे वळूं, कारण रविवारच्या सभेंत शेवटीं प्रश्न त्याचाच येईल. देणगीच्या ज्या पावत्या आम्हीं फाडल्या त्यांवर ‘वाङ्मयवृद्धीसाठीं’ असे शब्द छापले आहेत. ते आमचेच आहेत. कमानीनें वाङ्मयाची वृद्धि कशी होते, हें सिद्ध करण्याचा भार कमानवाल्यांवर आहे. सार्वजनिक पैशाविषयींचें तत्त्व जुनें आहे: ज्या हेतूनें पैसा आला तो हेतु पुरा होऊन कांहीं उरलें, तर उरलेलें त्या हेतूच्या जवळांत जवळ जें असेल त्याकडे वळवावें. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यांतहि शिलकेची वांटणी याच तत्त्वानें होते. आमची समिति त्या कायद्याखालीं नोंदलेली असो वा नसो, न्याय बदलत नाहीं. साहित्य संमेलनाच्या जवळांत जवळ दगडी कमान आहे कीं वाचनालय?

आणखी एक. ‘वाचनालय सरकारनें चालवावें, आम्हीं कां?’ असेंहि कोणी म्हणेल. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास इलाख्यानें १९४८ सालीं केला आणि त्यांत ग्रंथालयांसाठीं कर बसविला, म्हणजे ग्रंथालयास हक्काचें उत्पन्न दिलें. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्यांत असा कर नाहीं. आमचीं बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयें खासगी मंडळें चालवितात, आणि अनुदान, वर्गणी व देणगी या तीन पायांवर उभीं असतात. पहिला पाय आमच्या हातीं नाहीं. त्यासाठीं भांडलें पाहिजे व आम्ही भांडूं. परंतु तें भांडण मिटेपर्यंत ओसरीवरचा दिवा विझलेला ठेवावयाचा काय? परराज्य होतें तेव्हां रत्नागिरीस १८२८ सालीं, ठाण्यास १८९३ सालीं, मुंबईस १८९८ सालीं ग्रंथसंग्रह निघाले ते गांवोगांवच्या माणसांनीं पदरमोड करून चालविले. आतां राज्य आपलें आहे, तेव्हां एका शिपायाच्या पगारासाठीं त्याच्याकडे तोंड करून बसणें आम्हांस शोभत नाहीं.

म्हणून रविवारच्या सभेंत आम्ही असा ठराव मांडणार आहों: शिल्लक सर्वच्या सर्व बँकेंत मुदत ठेवींत ठेवावी, तिच्या व्याजांतून वाचनालयासाठीं सायंकाळचा एक मदतनीस नेमावा, आणि वाचनालय रात्रीं दहापर्यंत उघडें ठेवावें. व्याज कमी पडल्यास बाजारपेठेंतील दुकानदारांनीं महिना थोडी वर्गणी काढावी. पहिली पावती आमच्या नांवें फाडावी. अनामत रक्कम देऊं न शकणाऱ्यास पुस्तक घरीं नेतां आलें नाहीं तरी तेथें बसून वाचतां यावें, असा नियम वाचनालयाच्या मंडळानें करावा. मंडळाच्या अध्यक्षांशीं आम्ही बोललों आहों. पैशाची सोय झाल्यास त्यांची हरकत नाहीं. कमानीवर कोरण्यासाठीं जीं नांवें जमविलीं आहेत तीं पाहिजे तर वाचनालयाच्या भिंतीवर लहान अक्षरांत लिहावीं. आमचें गाळलें तरी चालेल.

सभेची वेळ सायंकाळीं पांचची ठरली आहे. रविवारींहि आमच्या बाजारांतलीं अडतीचीं दुकानें आठपर्यंत उघडीं असतात. चिटणीसांस आमची विनंती आहे कीं सभा साडेआठास भरवावी व ती मंगल कार्यालयांत न घेतां वाचनालयाच्या ओसरीवर घ्यावी. सतरंज्या अजून तेथेंच आहेत.